आवडाईची एकांडी राई

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरावर कुणी अजून हद्दीचे दगड रोवले नव्हते तेव्हा, आंबेखोल गावात आवडाई नावाची धनगरीण राहत होती. मेंढरं मोजता मोजता तिला आकड्यांचे स्वभाव कळू लागले, असं म्हणतात. आकड्याइतके खडे सारख्या ओळींत बसले, तर तो आकडा मनमिळाऊ. कशाही ओळी लावल्या तरी खडे उरलेच, तर तो एकांडा.

गावामागे देवीची राई होती. तिथल्या झऱ्यावर आवडाईची मेंढरं आणि सगळं गाव उन्हाळा काढायचं. पण राई ज्याच्या इनामात होती, तो म्हातारा इनामदार वारला आणि त्याच्या मुलांनी, सुभानराव आणि येसाजीनं, राई वाटून तोडायची ठरवली. गावाचा रिवाज असा की वाटे अगदी सारखे पडले पाहिजेत. एक झाड जरी उरलं, तरी देवीनं वाटणी नाकारली. आणि वाटणीआधी राईला कुऱ्हाड लावायची नाही.

झाडागणिक एक दोरा बांधून मोजणी झाली. दहा हजार सहा. प्रत्येकी पाच हजार तीन! दुसऱ्या दिवसासाठी कुऱ्हाडींना धार लागली.

पहाटे आवडाई खडे घेऊन राईत गेली. धुकं दाट होतं. "अजून एक झाड असतं तर?" ती पुटपुटली. असं म्हणतात, तेव्हा झाडं मुळं उचलून हलकेच चालत आली आणि ओळीत उभी राहू लागली. कमी पडणाऱ्या एका झाडाच्या जागी आवडाई स्वतः उभी राहिली. दोन ओळी केल्या, एक उरलं. तीन केल्या, दोन उरली. सात केल्या, चार उरली. असं शंभरापर्यंत चाललं. दर वेळी उरलेली झाडं पानं सळसळवत हसायची. धुकं विरलं तेव्हा झाडं जागच्या जागी होती, आणि आवडाईच्या पायांशी दोन पानांचं जांभळाचं रोप होतं.

तिनं त्याला दोरा बांधला. उजाडल्यावर दोघे भाऊ कुऱ्हाडी घेऊन आले, आणि वाटणी बघायला गावचे पंचही.

"ह्ये झाड?" सुभानराव खदखदून हसला. "माझी शेळी एका घासात खाईल की!"

"शेळीला काय कळतंय, दादा? तुमाला तर रिवाज ठावा हाय. दोन पानं फुटली की झाड."

पंचांनी माना डोलावल्या. येसाजी चिडला. "मग तिसरा वाटेकरी आणतो. चुलतभाऊ हाय आमचा!"

"दोन झाडं उरतील."

"सात आणतो! दोनशे आणतो!"

"आणा की. शंभराच्या वर माणसं आणलीत, तर एकेकाला शंभराच्या आत झाडं येणार. म्हंजे त्याच ओळी, आडव्याच्या उभ्या; त्या मी कवाच मांडून बघितल्यात. हा आकडा एकांडा हाय, दादा. कुणालाच वाटून घेता येत न्हाई."

सूर्य डोक्यावर येईपर्यंत भाऊ खडे मांडत बसले. मग कुऱ्हाडी खांद्यावर टाकून घरी गेले.

आवडाई कधी गेली, ते कुणी पाहिलं नाही. मेंढरं तेवढी झऱ्यावर पाणी पिताना दिसली, असं म्हणतात.

आजही दर चैत्रात आंबेखोल राई मोजतं. काही झाडं वठलेली असतात, काही नवी उगवलेली. आकडा मनमिळाऊ निघाला, तर तो एकांडा होईपर्यंत लोक रोपं लावतात. शेवटच्या रोपाला दोरा बांधताना सगळ्यांत म्हातारी बाई विचारते, "हे कुणाच्या वाट्याचं गं?"

आणि सगळं गाव ओरडतं, "कुणाच्याच न्हाई!"