येसूचा पाला

कोळदऱ्याच्या पठारावर बटाट्याला लागणारा करपा रोग पसरवला तो हैबती पाटलाने. देवाने नाही, धुक्याने नाही, कुणाच्या नजरेने तर नाहीच. गावातले म्हातारे आजही ही गोष्ट सांगताना त्याचं नाव गिळतात आणि 'काळच वाईट होता' म्हणून मोकळे होतात. काळाला काय झालं होतं? पाटील हटवादी होता, आणि त्याच्यामागून माना डोलवत चालणारे बाकीचे त्याच्याहून वाईट.

फार जुनी गोष्ट आहे. पठारावर तेव्हा गाडीवाटही नव्हती. त्या साली पावसाने नाचणी आडवी केली, भात कुजवला. उरले फक्त बटाटे. परसात बटाटे, वावरात बटाटे. त्यांच्यावरच गावाला उन्हाळा गाठायचा होता. आणि ऐन भादव्यात धुकं उतरलं. असलं दाट, की बैलाचं शेपूट हातात धरलेल्या माणसाला बैल दिसत नव्हता, असं म्हणतात.

ओढ्याकाठच्या एका वावरात पानांवर काळे डाग पडले. पान उलटलं की खाली पांढरी बुरशी. एकाच वावरात. पण पाटलाने डोंगराई देवीची काठी बाहेर काढली. रिवाजच होता तसा: पिकाला पीडा झाली की काठी सरीसरीतून फिरवायची, झाडाझाडाला टेकवायची. पाटील पुढे, त्याची ओली घोंगडी पाल्यावरून फरफटत, मागे सगळे म्हातारे. आणि सुरुवात कुठून? त्याच रोगट वावरातून. मग तिथून गावभर. आठवडा सरायच्या आत काठी जिथून जिथून गेली, तिथून तिथून पाला काळा पडला. वाट आखून दिल्यासारखा करपा तिच्यामागे चालत गेला.

पाटलाची धाकटी सून येसू हे सगळं बघत होती. तिच्या परसात थोड्याच दिवसांपूर्वी म्हैस सुटून एका कोपऱ्यात लोळली होती, तिथला पाला पार मोडून गेला होता. करपा परसात आला तशी येसूने माती उकरून बघितली. जिथे रोगट पाला उभा होता, तिथला बटाटा बोट लावताच फुटला आणि घाण वास सुटला. म्हशीच्या कोपऱ्यातला बटाटा मात्र टणक, स्वच्छ. येसूने दोन्ही जागा पुन्हा उकरल्या. तेच.

ती तशीच मातीच्या हातांनी पारावर गेली. सुनांनी पारासमोर उभं राहायचं नाही, हाही एक रिवाज. ती उभी राहिली.

"मामंजी, पाला कापा. आजच्या आज. रोग वरून खाली उतरतोय, त्याची शिडी काढून घ्या."

"दसऱ्याच्या आधी हिरव्याला विळा लावायचा?" पाटील म्हणाला. "देवीची ओटी भरल्याबिगर?"

"दसऱ्याला ओटीत काय घालणार, चिखल?"

एक म्हातारा हसला. "पाटील, सूनबाई म्हशीकडून शिकून आलीया."

"तिच्याकडूनच शिकले," येसू म्हणाली. "तुमच्याकडून शिकायला किती वर्षं थांबू, आबा?"

पाटील उठून उभा राहिला. "हिरव्याला विळा लावलास तर माझा उंबरा तुला बंद."

येसूने पदर खोचला आणि घरी जाऊन विळा घेतला. निरोप नाही, रडणं नाही.

आणि मग जे झालं ते ऐका. भर सकाळी, धुक्यात, विळा चालू लागला. खर्र, खर्र, खर्र. आवाज उगवतीच्या बांधावर आला, आणि त्याच दमात मावळतीच्या टेकाडावर. पारावरचे म्हातारे काठ्या घेऊन धावले. इकडे धावले तर आवाज तिकडे, तिकडे धावले तर पाठीमागे. धुक्यात एकमेकांवर आदळले, एकाने दुसऱ्याला येसू समजून पाठीत रट्टा घातला. घराघरातून विळे खुंटीवरून आपोआप उतरले, असं म्हणतात. शेजारची ठकूबाई दाराच्या फटीतून बघत होती. तिला एकाच वेळी सात वावरांत सात येसू दिसल्या. पुढे ठकूबाईच्याच हाताला कापल्याची खूण निघाली, तेव्हा ती म्हणाली, "मी नव्हते बाई, येसूच होती." गावातल्या प्रत्येक बाईने हेच सांगितलं.

उन्हं चढेतो पठार बोडकं झालं. काळा पाला भाऱ्यांनी उचलून पठाराखालच्या दरीत लोटला, आणि चाऱ्यामागे गुरं जावीत तसं धुकं पाल्यामागे दरीत उतरलं. पठारावर लख्ख ऊन पडलं. माती वाळली, भेगाळली, बायकांनी ती बटाट्यांवर ओढून पायाने दाबली.

एकच वावर उभं राहिलं होतं, पाटलाचं. बांधावर पाटील काठी आडवी धरून उभा.

"मामंजी, बाजूला व्हा."

"वावर माझं आहे."

"वावर तुमचंच. पण घरातल्यांनी खायचं काय?"

तो हलला नाही. सगळं गाव बघत होतं. पाटलाचा धाकटा मुलगा, येसूचा नवरा, तोही बघतच होता. येसूने विळा बांधावर ठेवला. "राहू द्या मग," म्हणाली, आणि घराकडे न वळता धुक्यामागे दरीत उतरत गेली. नवऱ्याने हाक मारली, पण येसू दिसेनाशी झाल्यावर. ती पुन्हा कुणाला दिसली नाही. काही म्हणतात, अजून ती धुकं हाकत चालली आहे.

दसऱ्यानंतर गावाने माती उकरली. घरोघरी पाट्या भरून बटाटे निघाले, आधीच कुजले होते ते सोडले तर एकालाही डाग नाही. त्या साली कोळदऱ्यात कुणी उपाशी निजलं नाही.

आजही भादव्यात पहिलं धुकं उतरलं की गावच्या सुना विळे घेऊन निघतात. बांधावर राख पसरतात, पाय त्या राखेत कोरडे करतात आणि मगच वावरात शिरतात. डाग दिसला तो पाला तिथल्या तिथे कापतात, कुणाला विचारत नाहीत, आणि दरीत लोटून येसूआईच्या नावाने मूठभर माती टाकतात. त्या दिवशी म्हाताऱ्यांनी बांधाच्या बाहेर उभं राहायचं. ओल्या घोंगडीने कुणी आत पाय टाकला, तर त्याला हात धरून बाहेर काढतात, मग तो कितीही मोठा असो.

हैबती पाटलाच्या वावरातले सगळे बटाटे कुजले, त्या साली त्याने शेजारच्या घरचे खाल्ले, आणि ते वाढायला त्याच्या घरात येसू नव्हती.