कुसळीला पाठराखीण म्हणतात त्याची गोष्ट

वाडीच्या वरच्या अंगाला हा जो पिवळा उतार दिसतो, तिथून दिवाळीनंतर खाली उतरलात तर थांबून आपल्या कपड्यांकडं बघा. सुईसारख्या टोकाच्या काड्यांनी ते भरलेले असतील. मुलखात सगळीकडं या गवताला कुसळी म्हणतात, कारण त्याला कुसळं येतात. या धनगरवाडीत मात्र ते नाव कुणी घेत नाही. इथं त्याला पाठराखीण म्हणतात. ‘पाठराखीण सुटली’ असं कानावर आलं की कुसळं पिकली, आता मेंढरं त्या अंगाला न्यायची नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

तसं पाहिलं तर पाठराखीण म्हणजे नव्या नवरीसोबत सासरी जाणारी तिच्या माहेरची बाई. नवरीला परकं वाटू नये म्हणून ती चार दिवस राहते. मग गवताला हे नाव कसं पडलं? ते असं सांगतात.

फार मागं, हा उतार उघडाबोडका होता तेव्हा, माळापलीकडून येसाई नावाची पोर या वाडीत सून म्हणून आली. तिची आई लहानपणीच गेलेली. घरात बाप तेवढा, बाईमाणूस कुणी नाही. माळावरच्या गवतातून चालत ती सासरच्या दारात उभी राहिली, तेव्हा बाया हसल्या म्हणे.

“अगं, एकलीच आलीस? पाठराखीण कुठाय तुजी?”

पोरीनं मान खाली घातली. बघते तर लुगड्याचा घोळ कुसळांनी भरलेला. ती हळूच म्हणाली, “ह्या काय, लुगडं धरून आल्यात की.”

बाया आणखीच हसल्या. सासू मंकाबाई तेवढी हसली नाही. येसाईनं परसात बसून एकेक कुसळ वेचलं. फेकवेना तिला. माहेरचं तेवढंच सोबत आलेलं. तिनं ती उतारावर नेऊन हलक्या हातानं पसरली.

कुसळाला पीळ असतो बघा. दव पडलं की पीळ उलगडतो, ऊन लागलं की वळतो, आणि वळता वळता टोक मातीत शिरतं. दोन-तीन पावसाळ्यांत उतार गवतानं झाकला. तोवर सगळं बरं चाललं होतं. मग एका मार्गशीर्षात मंकाबाईच्या लाडक्या कोकराच्या डोळ्यात कुसळ गेलं, आणि डोळाच गेला.

मंकाबाई कडाडली, “लुगड्यात बांधून पीडा आणलीस! सिदू, पेटव त्यो उतार. अन् ऐक गं येसे, हितं फिरून एक काडी जरी उगवली, तर तू तुज्या बाच्या घरी. माज्या दारात पाय ठेवायचा न्हाई.”

सिदू येसाईचा नवरा. आईपुढं त्याचं काय चालणार? त्यानं उतार पेटवला. सगळं काळं झालं.

त्या साली पाऊसही हात राखूनच पडला होता. चैत सरेपर्यंत चारा संपला. मेंढरांच्या बरगड्या दिसू लागल्या. मग वैशाखात एक वळीव येऊन गेला, आणि येसाई बघते तर काय. जळल्या उतारावर हिरवे कोंब! आग वरून गेली होती, खालची मुळं आणि मातीत शिरलेली कुसळं तशीच होती.

आता बापाच्या दारात काय तोंडानं जायचं? रोज तांबडं फुटायच्या आधी ती उतारावर जायची, दिसेल तो कोंब खुडायची, आणि ओटीत लपवून आणून त्या एका डोळ्याच्या कोकराला घालायची. पण हातानं खुडून गवत आटोपतं होय? ती एक काडी खुडायची, तोवर शेजारी आणखी फुटायच्या.

मंकाबाईनं बघितलं, सगळा कळप वाळलेला, आणि हे एका डोळ्याचं कोकरू तेवढं गुबगुबीत. एके सकाळी ती सुनेमागं उतारावर गेली. येसाई तिला बघून आणखी भराभर खुडू लागली. दोन्ही हातांनी कोंब ओरबाडत म्हणाली, “आत्याबाई, एक काडी ठेवत न्हाई मी. पर मला धाडू नगा.”

म्हातारीनं उताराकडं बघितलं, सुनेच्या सोललेल्या बोटांकडं बघितलं, आणि तिचा हात धरला.

“खुळे, उपटू नगंस. कवळं हाय तवर दूध हाय त्यात. सोड मेंढरं.”

त्या उन्हाळ्यात भोवतालच्या वाड्यांचे कळप चाऱ्यावाचून मेले, असं सांगतात. या वाडीचा कळप तगला. पुढं मेंढक्यांनीही रीत बांधून घेतली, कोवळ्या गवतात चारायचं आणि कुसळं सुटायच्या आत दुसऱ्या रानात जायचं.

दिवाळी झाल्यावर मंकाबाईनं आपणहून सुनेला माहेरी धाडलं. ती परत आली तेव्हा लुगडं पुन्हा तसंच भरलेलं. येसाई ते झाडायला खाली वाकणार, तोच सासू उंबऱ्याबाहेर येऊन तिच्या पायाशी बसली.

“हुबी ऱ्हा. तुजी मान्सं हायती, मी उतरून घेती.”

आजही या वाडीत पाठराखीण सुटल्यावरच लग्नं धरतात. नवरी दारात आली की सासू जमिनीवर बसते आणि तिच्या साडीतलं एकेक कुसळ काढून सुपात ठेवते. एकही चुलीत जात नाही, सगळी उतारावर जातात. कुणी घाई करत नाही. सुनेनं त्या वेळी वाकायचं नसतं. सासूचं वेचून होईपर्यंत तिनं ताठ उभं राहायचं असतं.