वैलावरची आमटी

"...पण मग वाया किती जातं म्हणतोस?" बुवांनी विचारलं.

"निम्मी वाफ, बुवा!" शार्दूल तावातावाने म्हणाला. "टर्बाइन फिरवता फिरवता मधूनच रंगखात्यात जाते. सूत रंगवायला. तेवढी माझी वीज बुडते."

शार्दूल जर्मनीत शिकून आला होता. टॉवेलच्या कारखान्यात त्याने एकाच बॉयलरवर वीज आणि उष्णता दोन्ही देणारा संच उभा केला होता. एवढी वीज काढीन, असा आकडा उद्घाटनाच्या दिवशी लोकांना छातीठोकपणे सांगून बसला होता. तो काही गाठला जाईना. उद्या सकाळपासून रंगखात्याची वाफ बंद, असा हुकूम सोडून तो मठात बुवांकडे आला होता.

"आणि रंगखातं?"

"पेटवतील जुनी कोळशाची भट्टी."

"म्हणजे वस्तीवर पुन्हा तोच धूर..."

तो धूर घालवायलाच तर शार्दूल परत आला होता.

बुवा चुलीवर भाकरी भाजत होते. शेजारच्या वैलावर, चुलीतून सरकणाऱ्या धगीवर, आमटी रटरटत होती. त्यांनी चिमट्याने विटेचा एक तुकडा आत सारला आणि वैलाकडे जाणारं भोक बुजवून टाकलं.

"घे. आता सगळा जाळ भाकरीला."

बघता बघता भाकरी करपली. आमटीची रटरट थांबली.

"अहो बुवा, हे काय! भाकरीला कशाला हवा एवढा जाळ?"

"तुझा आकडा गाठतोय, जर्मन."

शार्दूलने त्यांच्या हातातला चिमटा घेतला. तुकडा बाहेर ओढला. चुलीसमोर उकिडवा बसून राहिला.

आमटीला पुन्हा उकळी फुटली, तसं त्याला हसूच आलं. त्याने कारखान्यातल्या पुजारी फोरमनला फोन लावला.

"पुजारी, उद्या रंगखात्याची वाफ तोडायची नाही."

"सुटलो, साहेब! आमचं घर त्याच वस्तीत, बायकोला काय तोंड दाखवू म्हणत होतो... पण विजेचं काय?"

"कमी तर कमी."

फोन खिशात घालताना त्याच्या लक्षात आलं, आज कित्येक दिवसांनी आपल्याला भूक लागलीय.

"पण बुवा," त्याने विचारलं, "लोकांना आता मोजून दाखवू तरी काय?"

बुवांनी दुसरी भाकरी मोडली. वर वाफाळती आमटी ओतली. ताटली त्याच्यापुढे सरकवली.

"आधी जेव. मग भाकरी किती खाल्ली ते नको, भूक किती उरली ते सांग."