जोडीमधली काच

एकदा एका गृहस्थाने बुजत चाललेल्या तळ्यातून दोन मासे घरी आणले. गृहस्थाचे नाव जनार्दन. खाडीकाठच्या एका गावात तो शाळेत चित्रकला शिकवत असे. नव्या रस्त्यासाठी गावाबाहेरचे तळे मातीने भरले जात होते आणि त्या तळ्यात तीन बोटांएवढे, चपटे, पिवळ्या अंगावर काळा ठिपका असलेले मासे होते. सिक्लिड कुळातले हे मासे त्या पंचक्रोशीत दुसरीकडे कुठेही उरले नव्हते. जनार्दन गुडघाभर चिखलात उतरला आणि हाती लागले तेवढे मासे त्याने बादलीत घेतले. त्यांतले जगले दोनच, एक नर आणि एक मादी.

जनार्दनाने निश्चय केला. या जोडीची पिल्ले घरी वाढवायची आणि देवळामागच्या दगडी तळ्यात सोडायची. तिथे खाडीचे पाणी झिरपून येत असे, त्यामुळे ते या माशांना मानवले असते. जोडी गेली, तर मात्र सारेच संपले असते.

म्हणून त्याने कशातही कसूर ठेवली नाही. ओटीवर मोठी काचेची टाकी मांडली, धुतलेली वाळू पसरली, पाण्यात बेताचे मीठ घातले, अंडी घालायला एक कौल पालथे ठेवले. माशांना कोणाची चाहूलही लागू नये म्हणून तिन्ही बाजूंना पुठ्ठे लावले. रोपांबरोबर आलेली गोगलगायसुद्धा शोधून काढून टाकली. आल्यागेल्याला तो मागच्या पडवीत बसवू लागला. पत्नी शरयू ओटीवर केर काढायला आली, तरी हा तिच्या हातातून केरसुणी घेई.

"मी काय त्यांना खाणार आहे?" शरयू एकदा म्हणाली. जनार्दन स्वतःच केर काढू लागला. हळूहळू त्या घरात दोघांचे बोलणे कामापुरतेच उरले.

कौलाखाली अंडी दिसली, तेव्हा त्याला वाटले, जिंकलो. दुसऱ्याच दिवशी अंडी नाहीशी झाली. माशांनीच ती गिळली होती. त्यानंतर नर मादीच्या मागे लागला. तिला कोपऱ्यात गाठून तो चावे घेई. तिचे पर फाटले, पिवळा रंग काळवंडला, तिने अन्न सोडले. जनार्दनाने घाईघाईने टाकीच्या मधोमध एक काच बसवली. मग नर त्या काचेवर धडका देत राहिला आणि मादी कौलाआडून बाहेर येईना.

तालुक्याच्या गावी अप्पा नावाचे एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांचे अर्धे आयुष्य मासे वाढवण्यात गेले होते आणि जनार्दन ही विद्या त्यांच्याकडेच शिकला होता. निरोप मिळताच अप्पा आले. त्यांच्या हातात झाकणाचा एक डबा होता. खुर्ची ओढून ते टाकीसमोर बसले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले.

"यात आणखी कोण राहतं?" त्यांनी विचारले.

"कोणीही नाही, अप्पा. एक गोगलगाय होती, तीही काढली."

"हं," अप्पा म्हणाले. त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली आणि मधली काच सरळ उचलून बाहेर काढली. मग डब्याचे झाकण उघडले. आत करंगळीएवढे, चंदेरी, चपळ मासे वळवळत होते. ते टाकीत ओतण्यासाठी अप्पांनी डबा कलता केला, तसे जनार्दनाने त्यांचे मनगट धरले.

"अप्पा, हे अंडी खातात."

"खातात."

"पिल्लंही सोडत नाहीत."

"सापडली, तर नाही सोडणार."

"ही शेवटची जोडी आहे."

"म्हणून तर आलो," अप्पा म्हणाले. त्यांनी मनगट हळूच सोडवून घेतले आणि डबा पाण्यात रिकामा केला. "आता ते पुठ्ठे काढ. शरयूला इथे बसू दे. आणि मी परत येईपर्यंत टाकीत जाळं घालायचं नाही. चहा सांगतोस ना?"

गुरूवर राग धरू नये, हे जनार्दनाला माहीत होते. त्या दिवशी मात्र त्याला ते जमले नाही. अप्पांना बसस्थानकावर सोडून तो परतला, तो मनात जाळे घालण्याचा विचार घेऊनच.

ओटीवर शरयू बसली होती. "अहो, ती बाहेर आलीय," ती म्हणाली.

चंदेरी मासे टाकीभर निर्धास्त हिंडत होते आणि त्यांच्याकडे पाहत मादी कौलाआडून अर्धी बाहेर आली होती. सवयीने नर तिच्यावर धावला. वाटेत एक चंदेरी मासा आडवा गेला, तसा नर वळला आणि त्याच्याच पाठी लागला. त्याला पार टोकापर्यंत हाकलून तो परतला, तेव्हा त्याचे सारे पर फुललेले होते. मादीजवळून तो गेला, पण तिला त्याने स्पर्श केला नाही.

काही दिवसांत मादीचे पर भरून आले आणि रंग परतला. दोघे मिळून कौल घासू लागले. मग एका सकाळी कौलाच्या कडेला, अगदी समोरून दिसतील अशी अंडी होती. त्यांच्या वासाने चंदेरी मासे गोळा झाले. जनार्दनाने न राहवून जाळे उचलले.

"थांबा," शरयूने त्याचा हात धरला. "तिच्याकडे बघा."

इतके दिवस कोपऱ्यात दडून बसलेली ती मादी बाणासारखी सुटली. चंदेरी मासे उधळले. ती परतली, तोवर नराने अंड्यांवर पराने वारा घालायला घेतले होते. मग तो पहाऱ्याला निघाला आणि ती वारा घालू लागली. दिवसभर त्यांच्या पाळ्या चालू होत्या. जनार्दनाने जाळे खुंटीला अडकवले.

अंडी फुटली. आईबापांनी ते वळवळणारे जीव तोंडात धरून वाळूतल्या खळग्यात नेऊन ठेवले. पुढे एके दिवशी खळग्यातून धुरासारखा एक पुंजका वर उठला. ती पोहू लागलेली पिल्ले होती. ती आईबापांच्या अंगाला चिकटून तिथला चिकट थर टिपत आणि ते दोघे त्यांना मध्ये घेऊन टाकीभर मिरवत. काही पिल्ले चंदेरी माशांनी पळवलीच, पण कितीतरी उरली. शरयू टाकीच्या एका टोकाला चंदेरी माशांना खाऊ टाकून गुंतवून ठेवी आणि तेवढ्यात जनार्दन दुसऱ्या टोकाला पिल्लांचे बारीक खाद्य सोडी. तिने "आता" म्हटले, की त्याचा हात पाण्यावर जाई. टाकी पाहायला सारी आळी लोटली आणि ओटीवर बसायला जागा पुरेना.

अप्पा आले, तेव्हा जनार्दनाने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. "अप्पा, माझं चुकलं कुठे?"

"तू त्यांना सगळं दिलंस," अप्पा म्हणाले. "स्वच्छ पाणी, वेळच्या वेळी खाणं, निवांतपणा. पण या माशाचा पिंड राखण करण्याचा आहे. त्यासाठी लागणारी रग तो जन्मतःच घेऊन येतो. हाकलायला कोणी नाही, तर ती रग जाणार कुठे? जवळ जी होती तिच्यावर गेली. तो दुष्ट नव्हता रे, बिनकामाचा होता. आणि मादीचं म्हणशील, तर पाण्यात बिनधास्त हिंडणारं कोणीच दिसेना, म्हणून बाहेर काहीतरी भयंकर आहे असंच तिला वाटत राहिलं. तू केलेल्या शांततेलाच ती भ्यायली होती."

जनार्दनाने शरयूकडे पाहिले. ती पिल्लांकडे पाहत होती. त्याने खुर्ची उचलली आणि तिच्या शेजारी नेऊन ठेवली.

पिल्ले वाढली आणि एका सकाळी वाजतगाजत देवळामागच्या तळ्यावर नेण्यात आली. घागरी रित्या झाल्या, पिवळे मासे पायऱ्यांच्या सावलीत शिरले. तेवढ्यात तळ्याकाठच्या फांदीवर खंड्या येऊन बसला. सरपंच काळजीने म्हणाले, "गुरुजी, तळ्यावर जाळी टाकू या का? आतले मोठे मासेही काढून घेऊ. एवढ्या कष्टाने वाढवलेत तुम्ही."

अप्पा तिथेच उभे होते. त्यांनी जनार्दनाकडे पाहिले.

"नको," जनार्दन म्हणाला. "राखायला आपण आहोतच. पण त्यांनाही राखायला काहीतरी असू दे."

ज्यांच्यावर आपले प्रेम असते, त्यांच्या हातचे काम प्रेमापोटीच काढून घेऊ नये.

पुढच्या हिवाळ्यात तळ्याच्या तिसऱ्या पायरीवर, नितळ पाण्यात, एक पिवळी जोडी पिल्लांचा थवा मध्ये घेऊन फिरताना दिसली. ती पहिल्यांदा शरयूने पाहिली आणि तिने जनार्दनाला हाक मारली.