आधी भाकरी, मग पट्टी

एकदा एका पेठेच्या गावी एक वृद्ध वैद्य राहत होते. नाडीपरीक्षेत त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, आणि गावकरी ही गोष्ट परगावच्या माणसाला आवर्जून ऐकवीत. मीही ती अभिमानानेच सांगतो आहे. त्यांच्या घरची एक रीत मात्र लोकांना विचित्र वाटे. जखमेचा रोगी आला की पट्टी सोडण्याआधी वैद्यबुवा त्याला ओट्यावर बसवीत, आतून भाकरी-चटणी मागवीत आणि एकाच टोपलीतून त्याच्याबरोबर चार घास खात. मग हात स्वच्छ धुऊन कामाला लागत. लोक म्हणत, म्हाताऱ्याला एकट्याने जेवण जात नाही.

पुढे वैद्यबुवांचे हात कापू लागले आणि शस्त्राचे काम त्यांचा शिष्य त्र्यंबक करू लागला. पोरगा भलताच हुशार. गुरूंना त्याचे कौतुक होते, आणि त्याला स्वतःचे त्याहून अधिक. भाकरीच्या रीतीला तो मनातून हसे. रोगी कण्हत असताना चटणीभाकरी कसली खायची? हा तर निव्वळ कालापव्यय.

एके दिवशी वैद्यबुवा परगावी गेले असताना तानूबाई कासारीण आली. बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन ती गावोगाव हिंडे. तिचे पोट तिच्या पायांवर चाले. फुटलेल्या बांगडीची काच तळपायात रुतली होती आणि पाय सुजून लाकडासारखा झाला होता. त्र्यंबकने तिला बसवले आणि भाकरीबिकरी न मागवता सरळ पट्टी सोडली. दुर्गंधीचा भपकारा आला. त्याचे तोंड वाकडे झाले, मान आपसूक फिरली. क्षणाचीच गोष्ट होती, पण तानूबाईने ती पाहिली.

तिने पाय मागे ओढला.

"पाय नासलाय माझा, मी नाही," एवढेच म्हणाली, फडके गुंडाळले आणि लंगडत निघून गेली. त्र्यंबक हाका मारीत राहिला. तिने वळून पाहिले नाही.

संध्याकाळी गुरू परतल्यावर त्याने त्यांना सारे खरे खरे सांगितले. पू असाच आत राहिला तर पाय कापावा लागेल, हे दोघांनाही ठाऊक होते. सकाळी त्र्यंबकने शस्त्रांची पिशवी उचलली, तर वैद्यबुवांनी ती काढून घेतली आणि त्याच्या हातात भाकऱ्यांचे फडके दिले.

"औषध नको, शस्त्र नको. तिच्याबरोबर जेवून ये."

त्र्यंबक चाट पडला. बाईचा पाय सडतो आहे आणि म्हाताऱ्याला जेवण सुचते आहे, असे त्याच्या मनात आले. पण गुरूंचा शब्द मोडायची छाती नव्हती. तो गेला.

पुन्हा तोंड मुरडायला आलास का, असे तानूबाईने दारातच विचारले. जेवायला आलोय मावशी, तो म्हणाला. आता दारी आलेल्याला उपाशी कसे धाडायचे? तिने चुलीपुढे जागा दिली, पिठले वाढले. खोलीत तोच वास भरला होता आणि त्याचा पहिला घास घशाखाली उतरेना. ती बोलू लागली. नवरा गेल्यावर ही टोपली डोक्यावर घेतली, कोणापुढे हात पसरला नाही, आसपासच्या कितीतरी नवऱ्या मुलींचे चुडे आपल्याच हातचे. सांगताना तिची मान ताठ झाली होती. त्र्यंबक ऐकतच राहिला. केव्हातरी त्याच्या ध्यानात आले की आपण आणखी पिठले मागतो आहोत.

"मावशी, काल मी तोंड वाकडं केलं. चुकलं माझं," तो म्हणाला. "चला माझ्याबरोबर."

तिने चुलीतली लाकडे मागे ओढली. मग तिने काठी घेतली.

ओट्यावर पट्टी सुटली तेव्हा वास कालच्याहून उग्र होता. वैद्यबुवा जखमेकडे बघतच नव्हते. ते शिष्याचा चेहरा पाहत होते, आणि तानूबाईही तोच पाहत होती. दुखेल हं मावशी, असे म्हणून त्र्यंबकने शस्त्र चालवले. पू वाहिला आणि त्यातून हिरव्या काचेचा तुकडा निघाला. तानूबाईने तो निरखला, माझ्याच टोपलीतला, म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

ती आत जाऊन निजल्यावर त्र्यंबकने विचारले, "गुरुजी, जखम तीच, वास तोच, नाकही माझंच. मग काल काय झालं होतं?"

वैद्यबुवा म्हणाले, "बाबा रे, किळस म्हणजे दारातला कुत्रा. नासक्या अन्नावर, सडक्या पाण्यावर तो भुंकतो म्हणून आपण जगतो. त्याला मारायचं नसतं. पण त्याला पारख नाही. तो नासक्या अन्नावर भुंकतो तसाच दुखणाईत माणसावरही भुंकतो, आणि आपल्याला वाटतं, माणूसच वाईट असला पाहिजे. पाहुणा आला की आपण काय करतो? कुत्र्यादेखत त्याच्याशेजारी जेवायला बसतो. मग तो गुरगुरतो, पण खाली बसतो. आई तान्ह्याचं सगळं काढते, तिला काय नाक नसतं? तिच्या कुत्र्याला ठाऊक असतं, हे घरचंच आहे."

थोडे थांबून ते हसले. "मलाही जन्मभर उमासे येत आले. ती भाकरी मी रोग्यासाठी मागवत नव्हतो."

दुसऱ्या दिवशी एक शेतमजूर पिकलेला हात घेऊन आला, तेव्हा गुरूंनी सांगण्याआधीच त्र्यंबक भाकरीची टोपली आणायला आत गेला.

आपलीही मान कधी कोणाकडे बघून अशीच फिरते. तेव्हा एवढेच आठवावे, की त्या माणसाबरोबर आपण अजून जेवलेलो नाही.

तानूबाईचा पाय वाचला. टोपली पुन्हा डोक्यावर चढली, आणि गावोगाव बांगड्या भरताना ती बायकांना ऐकवू लागली, "वैद्य पुष्कळ पाहिले मी. पण आमच्या त्र्यंबकचं तोंड बघा एकदा. कसलीही जखम सोडा त्याच्यापुढं, ते वाकडं होत नाही."