करकरणारा खांब

फार वर्षांमागे वर्धा नदीकाठच्या एका कोळसा खाणीत सागाचा एक म्हातारा खांब छत पेलून उभा होता. वरचा भार हलला की तो करकरायचा. शेजारचे नवे लोखंडी खांब त्याला हसायचे.

एक दिवस साहेब खाली उतरले आणि त्या आवाजाने वैतागले. "हा कुरकुऱ्या उद्याच काढून टाका. इथे गुमान उभे राहणारेच पाहिजेत!"

"आता तरी तोंड मिट, टिकशील," लोखंडी खांब कुजबुजले.

पण वरचा दगड सरकला होता आणि खाली माणसं कोळसा फोडत होती. म्हातारा जिवाच्या आकांताने करकरला.

"पळा बाप्पा! म्हातारा बोलून राह्यला!" कामगारांचा पुढारी देवाजी पेंदोर ओरडला आणि साहेबांना हाताला धरून धावत सुटला. सगळे बाहेर पडले, मग छत कोसळलं. लोखंडी खांब शेवटपर्यंत गप्पच होते.

ढिगाऱ्यातून निघालेल्या सागाचा कामगारांनी युनियनच्या कचेरीत बाक केला. साहेब बोलणी करायला आले, बसले, तसा बाक करकरला.

"सुताराला बोलवू का?" साहेबांनी विचारलं.

"राहू द्या, साहेब," देवाजी ताठ मानेने म्हणाला. "तो गप्प बसला असता, तर बोलणी करायले ना तुमी असते, ना मी."