हलकी फिरणारी पवनचक्की

मंडळी, मोठ्यानं बोलणाऱ्यावर भरवसा ठेवावा की चाचरत बोलणाऱ्यावर? अर्धं आयुष्य गल्ल्यावर गेलं, तरी मी यात अजून फसतो.

खूप वर्षांपूर्वी माळावरच्या रेवूबाईनं फुटक्या सोलरचे तुकडे जोडून पॅनेल केलं आणि पाइपाची पाती कापून पवनचक्की. दोघांची वीज जिन्याखालच्या बॅटरीत साठायची. तिच्यावर एक बल्ब लागायचा आणि त्याच्या उबेत कोंबडीची अकरा पोरकी पिल्लं जगायची.

एकदा तीन दिवस आभाळ भरून राहिलं. “बॅटरीकाकू, आज माझं मूठभरच धरा हं,” पॅनेल ओशाळून म्हणालं.

पवनचक्की गरगरत ओरडली, “काळजी कसली? माझा वेग तर बघा!”

“वेग ऐकू येतोय गं, पण माझ्या पोटात काही पडत नाही. पिल्लं गारठलीत. खरं सांग, काय झालंय?”

पवनचक्की रडवेली झाली. “काकू, माझी तार सुटलीय. वीज ढकलायचं ओझंच नाही, म्हणून तर इतकी हलकी फिरते. कळलं तर बाई मला भंगारात देईल.”

“वेडी कुठली! जिनं हातानं घडवलं, ती तार जोडणार नाही?”

तेव्हा बाईच्या लक्षात यावं म्हणून पवनचक्कीनं वाऱ्यापासून तोंड फिरवलं आणि भर वाऱ्यात ती गप्प उभी राहिली. ते पाहून रेवूबाई शिडी चढली आणि तिनं तार घट्ट बसवली. पवनचक्की आता जड, सावकाश फिरू लागली. बल्ब उजळला. एकमेकांना बिलगलेली पिल्लं हळूहळू सैल होऊन पसरली.

तर मंडळी, घरी वीज करा नाहीतर दुकान चालवा. किती आलं आणि किती आलंच नाही, तेवढं वहीत खरं लिहा.